ड्राफ्ट फॅन कंट्रोलर पहिल्यांदाच लावताय? सेटिंग आणि फॉल्ट शोधण्याची पूर्ण प्रोसेस

बॉयलर, वॉटर हीटर, फायरप्लेस, लाकडाचा स्टोव्ह, काहीही असो, धुराड्यावर ड्राफ्ट फॅन (धूर वर ओढणारा पंखा) बसवला की सोबत एक कंट्रोलर येतो आणि खरी डोकेदुखी तिथून सुरू होते. मॅन्युअल जाडजूड असतं, पॅरामीटरची यादी लांबलचक असते, आणि नेमकं कुठून सुरू करायचं ते त्यात कुठेच सरळ लिहिलेलं नसतं. म्हणून हे सगळं ज्या क्रमाने करावं लागतं त्या क्रमाने लिहितोय.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा की कंट्रोलरला तुमचं धुराडं दिसत नाही, धूर दिसत नाही, त्याला फक्त प्रेशर सेन्सरचा आकडा दिसतो. तो आकडा सेटपॉइंटपेक्षा (आपण ठरवून भरलेल्या आकड्यापेक्षा) कमी असेल तर फॅन जोरात, जास्त असेल तर हळू, बस्स, एवढंच त्याचं काम. आकडाच खोटा असेल तर कंट्रोलर अगदी इमानदारीत चुकीचं वागतो आणि आपण पॅरामीटर खालीवर करत बसतो.

आणि एक आत्ताच सांगतो, गॅस किंवा तेलाच्या बर्नरची जुळणी, गॅस प्रेशर वगैरे गोष्टी लायसन्सवाल्या टेक्निशियनकडूनच करून घ्या. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या दिवसापासून चालू पाहिजे, टेस्टिंगच्या दिवशी तर नक्कीच, कारण या गॅसला ना वास ना रंग.

१. काय काय जवळ ठेवायचं

कागद:
- अप्लायन्सचं मॅन्युअल. त्यात आउटलेटला (धूर बाहेर पडण्याच्या तोंडाला) किती ड्राफ्ट, म्हणजे धुराची ओढ, पाहिजे ते दिलेलं असतं, आणि तो आकडा नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही
- कंट्रोलर, फॅन आणि व्हीएफडी (फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह) यांची मॅन्युअल
- प्रेशर सेन्सरचं रेंज आणि आउटपुट लिहिलेलं लेबल
- मोटरच्या नेमप्लेटचा फोटो, फॅन छतावर गेला की परत चढायला लागतं म्हणून आधीच काढून ठेवा

हत्यारं: एक पास्कलपर्यंत वाचणारा डिजिटल मॅनोमीटर, मल्टिमीटर, फ्लू गॅस अॅनालायझर (धुरातले वायू मोजणारं यंत्र), सिलिकॉनची नळी आणि दोनचार टी-जोड, टॉर्च, आणि मेन स्विचला लावायला कुलूप.

मॅनोमीटरच्या बाबतीत कंजुषी करू नका. कंट्रोलरच्या स्क्रीनवरचा आकडा खरा की खोटा हे सांगणारं दुसरं काहीच आपल्याकडे नसतं. युनिटचा गोंधळ पण इथेच निस्तरून घ्या: १ मिलिमीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे ९.८ पास्कल, १ इंच म्हणजे साधारण २४९ पास्कल. एका मॅन्युअलमध्ये इंच, दुसऱ्यात पास्कल, हे नेहमीचंच आहे, तर सगळे आकडे एकाच युनिटमध्ये वहीत उतरवून घ्या.

२. सेन्सर आणि त्याची नळी

फॉल्ट म्हणून जे समोर येतं त्यातलं बरंचसं याच टप्प्यात पेरलेलं असतं, म्हणून इथे घाई नको.

धुराड्यातलं प्रेशर खोलीपेक्षा कमी असतं, म्हणजे धुराड्याकडून येणारी नळी सेन्सरच्या 'लो' किंवा वजा खुणेच्या पोर्टला आणि 'हाय' पोर्ट खोलीला मोकळा. उलटं लावलं आणि सेन्सर एकाच दिशेने मोजणारा असेल तर तो शून्यच दाखवत राहतो, कंट्रोलरला वाटतं ड्राफ्टच नाही, आणि फॅन फुल स्पीडला जाऊन तिथेच बसतो. 'हाय' पोर्ट जिथे मोकळा सोडलाय ती जागा पण बघा, म्हणजे अप्लायन्स ज्या खोलीत आहे तीच खोली पाहिजे, शेजारच्या पॅनल रूममध्ये सोडला आणि तिथे एक्झॉस्ट लावलेला असेल तर आकडा हलणारच.

फ्लूमध्ये, म्हणजे धूर नेणाऱ्या पाइपात, नळीचं टोक कसं बसवलंय हेही महत्त्वाचं. आपल्याला स्थिर दाब मोजायचाय, तेव्हा टोक भिंतीशी सपाट, प्रवाहाला काटकोनात पाहिजे. टोक प्रवाहाच्या समोर वळलेलं असेल तर वाऱ्याचा मार पण त्यात मिसळतो. गरम वायू ५ मीटर प्रति सेकंदाने जात असेल तर हा मार साधारण ९ पास्कल भरतो, आणि सेटपॉइंटच जर २० असेल तर ९ ची चूक म्हणजे खेळच संपला. टोक एल्बो, टी, डॅम्पर यांच्या अगदी जवळ नको, सरळ पाइपचा तुकडा शोधा. पाइपला लागून पहिला तुकडा स्टीलच्या नळीचा घ्या, पुढे सिलिकॉन, नाहीतर गरमीने नळी बसते आणि महिन्याभराने बंद पडते.

नळीचा उतार धुराड्याकडे ठेवा, सेन्सर वर, टॅपिंग (नळी फ्लूला जिथे जोडलीय ती जागा) खाली. फ्लू गॅसमध्ये वाफ असते, ती नळीत थंड होऊन पाणी होतं, आणि मध्ये कुठे नळीने झोळ खाल्ला असेल तर तिथे पाणी साचतं. १ मिलिमीटर पाणी जवळजवळ १० पास्कल खातं हे वर बघितलंच, म्हणजे बोटाच्या पेरभर पाणी साचलं तरी सेन्सर आंधळा.

आता झिरो. फॅन बंद, दोन्ही नळ्या सेन्सरवरून काढा, दोन्ही पोर्ट त्याच खोलीत मोकळे, आकडा शून्य आला पाहिजे. नसेल तर झिरो कॅलिब्रेशन करा. नळ्या न काढता झिरो मारू नका, कारण फॅन बंद असला तरी धुराडं थोडं गरम असतं आणि त्याचा स्वतःचा ड्राफ्ट तुम्ही शून्य म्हणून नोंदवून टाकता.

त्यानंतर रेंज. ४ ते २० मिलीअँपिअरचा सेन्सर, रेंज ० ते २५० पास्कल असेल तर ५० पास्कलला ७.२ मिलीअँपिअर यायला पाहिजे, मल्टिमीटर लावून बघा. खरा घातक प्रकार दोन्ही दिशांनी मोजणाऱ्या सेन्सरमध्ये होतो: रेंज उणे १२५ ते अधिक १२५ असेल तर शून्य दाबाला तो १२ मिलीअँपिअर देतो, आणि कंट्रोलरमध्ये जर ० ते २५० भरून ठेवलं असेल तर फॅन बंद असतानाच स्क्रीनवर १२५ पास्कल दिसतं, कंट्रोलर म्हणतो भरपूर ड्राफ्ट आहे आणि फॅन पळवतच नाही. धूर खोलीत, स्क्रीनवर सगळं छान.

३. वायरिंग

हाताने काही उघडायच्या आधी मेन बंद, कुलूप लावा, मग मीटरने तपासा. व्हीएफडी असेल तर सप्लाय काढल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात, लेबलवर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढं थांबाच.

क्रम समजून घ्या म्हणजे डायग्राम आपोआप समजतो: थर्मोस्टॅट किंवा बॉयलर हीट मागतो, ती मागणी आधी कंट्रोलरला जाते, कंट्रोलर फॅन चालू करतो, ड्राफ्ट सिद्ध झाला, म्हणजे पुरेसा आहे हे कळलं, की कंट्रोलरच्या रिलेचा कॉन्टॅक्ट जुळतो, मग बर्नरला परवानगी मिळते. हा रिले कॉन्टॅक्ट अप्लायन्सच्या सेफ्टी साखळीत सिरीजमध्ये जातो, म्हणजे हाय लिमिट (तापमान जास्त झालं की तोडणारा), रोलआउट स्विच (ज्योत बाहेर आली की तोडणारा) वगैरे जे आहे ते तसंच ठेवायचं आणि त्यात आणखी एक कडी वाढवायची. एखादी सेफ्टी काढून तिच्या जागी हा कॉन्टॅक्ट टाकलेला दिसला तर तिथेच काम थांबवा.

सापळे दोनच, पण दोन्ही महाग. पहिला, कंट्रोलरचा इनपुट ड्राय कॉन्टॅक्ट (ज्यावर स्वतःचं व्होल्टेज नसतं) मागतो की व्होल्टेज, हे न बघता वायर टाकणं, बॉयलरचे २४ व्होल्ट ड्राय इनपुटवर गेले की बोर्ड उडतो. दुसरा, सेन्सरची वायर मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपातून नेणं. व्हीएफडीची केबल गोंगाट करते, सेन्सरचा आकडा नाचायला लागतो. सेन्सरला शील्डेड वायर, वेगळा मार्ग, शील्ड एकाच टोकाला अर्थिंगला जोडा.

४. मोटर आणि व्हीएफडी

नेमप्लेटवरचा करंट, व्होल्टेज, फ्रीक्वेन्सी, आरपीएम जसंच्या तसं भरा. मॅक्स फ्रीक्वेन्सी नेमप्लेटच्या वर नेऊ नका, मिनिमम फॅनच्या मॅन्युअलमध्ये असेल ती. व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये कॉन्टॅक्टर टाकून चालू फॅन त्याने बंद करायचा नाही, थांबवणं व्हीएफडीच्या कमांडनेच.

फिरण्याची दिशा डोळ्यांनी बघा. सेंट्रिफ्युगल फॅन उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला ढकलतो, फक्त खूप कमी, त्यामुळे 'फॅन चालतोय की, हवा पण येतेय' असं वाटून दिवसच्या दिवस वाया जातात. थ्री फेज असेल तर व्हीएफडीच्या आउटपुटच्या कुठल्याही दोन वायरी बदला. इनपुटच्या बदलून काही होत नाही.

अॅक्सेलरेशन टाइम फार लांब ठेवला तर फॅन स्पीडला पोचायच्या आत कंट्रोलरचा वेळ संपतो आणि ड्राफ्ट फॉल्ट येतो, तेव्हा हे दोन आकडे एकमेकांशी जुळवून ठेवा.

५. सेटपॉइंट कसा ठरवायचा

सगळ्यात जास्त प्रश्न इथलेच असतात, 'किती पास्कल टाकू?' दुसऱ्याने टाकलेला आकडा तुमच्या कामाचा नाही. अप्लायन्सला जो ड्राफ्ट पाहिजे तो त्याच्या आउटलेटला, आणि सेन्सर बसलाय भलतीकडेच, मधल्या पाइप-एल्बोमध्ये दाब खर्च होतो. आउटलेटला ५ पास्कल हवेत म्हणून सेन्सरच्या जागी ५ टाकले तर आउटलेटपर्यंत काहीच उरत नाही.

पद्धत अशी:

- सगळी अप्लायन्सेस फुल फायरला चालू करा, धुराडं गरम होऊ द्या
- मॅनोमीटर सगळ्यात लांबच्या अप्लायन्सच्या आउटलेटला लावा
- त्या आउटलेटला मॅन्युअलमधला ड्राफ्ट मिळेपर्यंत सेटपॉइंट थोडा थोडा वाढवत न्या, प्रत्येक बदलानंतर आकडा स्थिर होईपर्यंत थांबा
- आता उलटी बाजू: सगळं बंद, फक्त सगळ्यात छोटं अप्लायन्स लो फायरला, आणि त्याच्या आउटलेटला ड्राफ्ट जास्त तर होत नाही ना ते बघा
- दोन्ही वेळा फ्लू गॅस अॅनालायझर लावून ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड वहीत लिहा

जास्त ड्राफ्ट म्हणजे जास्त चांगलं असं अजिबात नाही. ज्योत बर्नरवरून उचलली जाते, पायलट विझतो, आणि गरम हवा फुकट वर जाते.

आता एक गोष्ट जी खूप लोकांच्या लक्षात येत नाही. धुराडं स्वतः पण ओढतं. १० मीटर उंच धुराडं, आत २०० डिग्री, बाहेर ० डिग्री असेल तर हिशोबाने साधारण ५४ पास्कल तयार होतात, बाहेर ३० डिग्री असेल तर ४१ च्या आसपास, घर्षणात जातं ते वेगळं. म्हणजे तुमचा सेटपॉइंट २० असेल तर कडक थंडीत फॅन मिनिममला येऊनसुद्धा ड्राफ्ट जास्तच राहणार, आणि कंट्रोलर बिचारा काय करणार, त्याच्या हातात फक्त अॅक्सेलरेटर आहे, ब्रेक नाही. अशा ठिकाणी बॅरोमेट्रिक डॅम्पर (ड्राफ्ट जास्त झाला की आपोआप उघडून खोलीतली हवा आत घेणारं झडप) किंवा अप्लायन्सवाल्याने मान्य केलेला दुसरा डॅम्पर लागतो. ट्युनिंगने हे सुटत नाही, त्यात वेळ घालवू नका.

म्हणूनच सेटिंग एकाच ऋतूत करून कायमचं विसरू नका, थंडीत आणि उकाड्यात एकेकदा आउटलेटला मोजून बघा.

६. प्रूव्हिंग स्विच, पर्ज आणि वेळा

बऱ्याच सिस्टीममध्ये सेन्सरशिवाय एक वेगळा डायफ्रॅमवाला ड्राफ्ट प्रूव्हिंग स्विच असतो. तो मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, म्हणजे सेन्सर खोटं बोलला तरी हा साखळी तोडतो. म्हणून दोघांना एकाच नळीवर टी मारून जोडणं मला पटत नाही, मॅन्युअल चालवून घेत असलं तरी स्वतंत्र टॅपिंग घ्या, एक नळी तुंबली की दोघंही एकदम आंधळे होतात.

त्याची सेटिंग अप्लायन्सच्या किमान गरजेच्या वर आणि कंट्रोलरच्या सेटपॉइंटच्या बऱ्यापैकी खाली. पण लक्षात घ्या, तुलना स्विचच्या टॅपिंगच्या जागेवरच्या दाबाशी करायची. सेटपॉइंटच्या अगदी जवळ नेलं तर वाऱ्याच्या प्रत्येक झोताला ट्रिप होतो.

प्री-पर्ज (बर्नर पेटायच्या आधी फॅन चालवणं) अप्लायन्सच्या मॅन्युअलप्रमाणे, पोस्ट-पर्ज (बर्नर बंद झाल्यावर फॅन चालू ठेवणं) निदान धुराड्यातला उरलेला धूर निघून जाईपर्यंत. अलार्म डिले थोडा द्या, म्हणजे दरवाजा उघडला-मिटला तेवढ्याने बर्नर बंद नको. पण ट्रिपचा त्रास नको म्हणून डिले वाढवत वाढवत मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर नेणं म्हणजे तेवढा वेळ धूर खोलीत सोडायला परवानगी देणं.

७. पीआयडी

पीआयडी म्हणजे दाब बदलला की कंट्रोलर फॅनचा स्पीड किती चपळपणे बदलेल ते ठरवणारे तीन आकडे: प्रपोर्शनल, इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह. फॅक्टरी सेटिंगवर आधी चालवून बघा, बऱ्याचदा हात लावायची गरजच पडत नाही. फॅन हेलकावे खात असेल, म्हणजे स्पीड वर-खाली-वर-खाली, तर आधी नळीतलं पाणी आणि वायरचा गोंगाट तपासा, मगच पीआयडी. इंटिग्रल हळू करा, प्रपोर्शनल गेन थोडा कमी करा, डेरिव्हेटिव्ह शून्यच ठेवा. एका वेळी एकच आकडा बदला आणि जुना लिहून ठेवा.

फॅनचा स्वभाव पण लक्षात ठेवा: दाब स्पीडच्या वर्गाने बदलतो. स्पीड निम्मा केला तर दाब चौथाई राहतो. म्हणून वरच्या स्पीडला छान स्थिर चालणारं सेटिंग खालच्या स्पीडला सुस्त वाटतं, आणि खाली चपळ केलेलं वर गेल्यावर नाचतं. दोन्ही टोकांना तपासून मधला मार्ग काढा.

८. सेफ्टी टेस्ट, ही चुकवायची नाही

बर्नर चालू असताना फॅनचा डिस्कनेक्ट स्विच बंद करा. ठरलेल्या डिलेमध्ये बर्नर बंद झाला पाहिजे. परत चालू करा, सेन्सरची नळी काढा, मग वेगळ्याने प्रूव्हिंग स्विचची नळी काढा, मग सेन्सरची वायर सोडा, प्रत्येक वेळी सिस्टीमने बर्नर सुरक्षित बंद करायला हवा. वीज जाऊन परत आल्यावर काय होतं तेही बघा, बर्नरने प्री-पर्जपासूनच सुरुवात करायला हवी.

आणि एक उलटी टेस्ट: इमारतीतले सगळे एक्झॉस्ट फॅन चालू, दारं-खिडक्या बंद, आणि तेव्हा आउटलेटला ड्राफ्ट मोजा. खोलीत हवा यायला जागाच नसेल तर ड्राफ्ट फॅन आणि एक्झॉस्ट एकमेकांशी भांडतात. दार उघडल्याबरोबर सगळं सुधारत असेल तर दोष कंट्रोलरचा नाही, ताजी हवा येणाऱ्या जाळीचा आहे.

९. फॉल्ट आला तर

पहिलं काम रीसेट बटण नव्हे. स्क्रीनचा फोटो काढा, त्यावेळचा दाब, स्पीड आणि अलार्म लिहून घ्या, रीसेट केलं की पुरावा गेला.

*फॅन फुल स्पीडला, तरी ड्राफ्ट सिद्ध होत नाही.* नळी सेन्सरवरून काढून मॅनोमीटरला लावा. मॅनोमीटर चांगला ड्राफ्ट दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची रेंज बिघडली. मॅनोमीटर पण कमीच दाखवत असेल तर टॅपिंगला काजळी साचलीय का ते बघा, नळी साफ करून परत मोजा. तरीही कमी असेल तर खरंच ड्राफ्ट नाहीये: फॅनची दिशा, पट्टा, पात्यांवरची काजळी, पक्ष्याचं घरटं, उघडं राहिलेलं क्लीन-आउट दार, सुटलेला जोड. वापरात नसलेल्या अप्लायन्सचा उघडा कनेक्शन तर पक्का बघा, फॅन तिथूनच खोलीतली हवा ओढत बसतो.

*मागणी आहे पण फॅन हलत नाही.* इनपुटचा दिवा लागतोय का? नसेल तर वायरिंग किंवा थर्मोस्टॅट. लागतोय, तर व्हीएफडीवर स्वतःचा काही ट्रिप आहे का, आणि व्हीएफडी 'लोकल'वर, म्हणजे कंट्रोलरचं न ऐकता स्वतःच्या बटणांवर चालायच्या मोडवर, राहिलाय का. हे शेवटचं फार वेळा निघतं.

*सेन्सर फॉल्ट.* ४ ते २० च्या लूपमध्ये करंट शून्याला आला म्हणजे वायर तुटली किंवा सप्लाय गेला. ४ च्या आसपास अडकून बसला तर नळी बंद, नळ्या उलट्या, किंवा सेन्सर गेला.

*फक्त वारा असतानाच ट्रिप.* धुराड्याचं तोंड छपराच्या कडेपासून, उंच भिंतीपासून किती वर आहे ते बघा. सेन्सरला फिल्टर किंवा डॅम्पिंगचं सेटिंग असेल तर थोडं वाढवा.

*स्क्रीनवर सगळं बरोबर, तरी वास येतो, अलार्म वाजतो, अंगावर वाफ येते.* लगेच अप्लायन्स बंद, सगळे बाहेर, आणि टेक्निशियन येऊन मोजेपर्यंत चालू करू नका. अशा वेळी तात्पुरतं म्हणून प्रूव्हिंग स्विचला जंपर मारून बघणारी माणसं असतात, त्यांना पॅनलपासून लांब ठेवा.

१०. लाकूड-कोळसा असेल तर वेगळं

गॅस बर्नर वॉल्व्ह बंद केला की विझतो, लाकूड विझत नाही. फॅन बंद पडला तरी आग धुमसतच राहते, त्यामुळे इथे परवानगीचा रिले फारसा उपयोगी नाही. फॅन टेम्परेचर सेन्सरवर चालवा, पोस्ट-पर्ज घड्याळावर न ठेवता फ्लू थंड होईपर्यंत ठेवा, आणि वीज गेली तर काय याचं उत्तर आधीच ठरवा: बॅटरी बॅकअप, किंवा फॅन बंद असतानाही धूर नैसर्गिक ड्राफ्टने वर जाईल अशी रचना. स्टोव्हचं दार उघडताना ड्राफ्ट एकदम पडतो, तेव्हा बूस्टचं सेटिंग असेल तर ते वापरा, दार उघडायच्या आधीच दाबायचं.

पात्यांवर डांबरासारखा थर बसतो, फॅन थरथरायला लागतो, आणि तोच थर पेटूही शकतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी धुराडं झाडून घेतलं जातं, त्याच दिवशी फॅन उघडून पाती, सेन्सरचं टॅपिंग आणि नळी साफ करून घ्या, आणि परत झिरो तपासा. सगळे सेट केलेले आकडे, आउटलेटला मोजलेला ड्राफ्ट आणि तारीख एका कागदावर लिहून कंट्रोलरच्या झाकणाच्या आतून चिकटवा, पुढचा माणूस तुम्हीच असलात तरी तो कागद लागतोच.